तुझ्या बाजूला काय दिसतंय?

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. ना लेकीपाशी, ना देवापाशी. देवळात गेलो की हात जोडतो, डोळे मिटतो आणि भलतंच काहीतरी मागून परत येतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याचा चेहरा बघावा लागतो, आणि त्याचीच मला भीती वाटते. जाड पेन घेतलंय. वहीच्या डाव्या कडेला फुटपट्टी ठेवलीय. ती का लागते, ते पुढं येईलच.

मी ड्रायव्हर. आमचं गाव बेल्ह्याच्या जवळ. जमीन थोडी आहे, पण घर चाललं ते पिकअपवर. टोमॅटो, कांदा, झेंडू, बेल्ह्याच्या बाजारातली जनावरं, कुणाचं लग्नाचं वऱ्हाड — जे मिळेल ते वाहिलं. पंचवीस-सव्वीस वर्षांत गाडीला कुठं ओरखडा नाही. हे मी पारावर इतक्यांदा सांगितलंय की माझं वाक्य लोकच पुरं करायचे आणि हसायचे. हसू देत. मला दुसरं काय येत होतं? शेतीत माझा हात नाही, बोलण्यात तर नाहीच नाही. स्टेअरिंगवर हात ठेवला की तेवढा मी कुणीतरी असायचो.

माझी बायको सुमन. तीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी किती बोललो असेन? जेवायला वाढ, डबा दे, उद्या पहाटे निघायचंय. ती बोलायची, मी हूं म्हणायचो. मग तीही कमी बोलायला लागली. भांडण नव्हतं हो. सवय होती.

लेकीनं तिला मोबाईल घेऊन दिला. त्यातल्या व्हिडिओंत एक गोरं जोडपं होतं — आमच्याच वयाचं, म्हातारपणाकडं झुकलेलं. जुनी गाडी घेऊन स्पेन, इटली, ग्रीस असं उन्हाळाभर फिरत होतं. समुद्राच्या कडेला गाडी लावायची, तंबू ठोकायचा, शेगडीवर काहीतरी शिजवायचं, दुपारभर झाडाखाली पडायचं. कुठं जायची घाई नाही. सुमन रोज ते बघायची. आधी म्हणाली, ह्यांना कामधंदा नाही का. मग काही दिवसांनी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आपल्या गाडीत बी मावतंय की एवढं सगळं. आपुन बी जाऊ की एकदा."

इटलीला नव्हे. घोडेगाव, डिंभ्याचं धरण, आहुपे, मग जुन्नर, मढ आणि घरी. आठ-नऊ दिवस. तिनं महिनाभर तयारी केली. गाडीच्या मागच्या हौद्यावर ताडपत्री, आत गादी, छोटी शेगडी, तीन प्रकारच्या चटण्या, मच्छरदाणी. अख्ख्या आळीला कळलं. बाया चेष्टा करायच्या — सुमनबाई, इटलीला कवा निघताय? ती पण हसून तारीख सांगायची.

मी कशाकशात वेळ काढतोय, बघा. जोडपं, चटण्या, ताडपत्री. खरी गोष्ट निघण्याच्या दीड महिना आधीची आहे.

बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात मी चालत होतो आणि डाव्या अंगानं आलेल्या बैलाच्या शिंगावर जाऊन आदळलो. बैल उभाच होता. मीच गेलो. गालावर खोक पडली, लोक हसले, मीही हसलो. पण मला तो बैल दिसलाच नव्हता. एवढा मोठा पांढरा बैल. नाही दिसला म्हणजे काय? त्या दिवसापासून मी गुपचूप तपासून बघायला लागलो. उजवा डोळा झाकायचा आणि हात डावीकडून पुढं आणायचा. हात नाकाच्या रेषेत येईपर्यंत दिसायचाच नाही.

नारायणगावला टोमॅटो खाली करून मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. समोरची अक्षरं मी घडाघडा वाचली — समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. मग त्यांनी एका यंत्रात हनुवटी ठेवायला सांगितली. आत बारीक उजेडाचे ठिपके येतात, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला बराच वेळ ठिपकाच येईना. मी घाबरलो आणि — हसू नका — अंदाजानं बटण दाबत सुटलो. पोरांनी परीक्षेत करावं तसं. डॉक्टरांनी कागद बघितला आणि शांतपणे म्हणाले, असं करून तुम्ही कुणाला फसवताय?

काचबिंदू. डावा डोळा बराचसा गेलेला, उजव्यातही सुरुवात. समोरचं राहतं, कडा जातात. औषधाचे थेंब दिले. आणि म्हणाले, गाडी आजपासून बंद. स्वतः मराल याची काळजी तुम्ही करा, पण दुसरा कुणीतरी मरेल.

तो कागद मी चार घड्या करून गाडीच्या कागदपत्रांत, इन्शुरन्सच्या मागं ठेवला. थेंबांची बाटली पान्यांच्या पेटीत. मी घरी आलो तर सुमन ताडपत्रीला दोऱ्या बांधत बसली होती.

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. ती काय म्हणाली असती? काही नसती म्हणाली, दोऱ्या सोडून आत गेली असती आणि चहा ठेवला असता. मला ते माहीत होतं. तरी नाही सांगितलं. गाडी सोडल्यावर गावात मी कोण, एवढीच भीती मला होती. दुसरं कुणी मरेल ही भीती तेव्हा माझ्या मनात नव्हती, हेही लिहून ठेवतो.

निघालो. मंचर सोडून घोडेगावच्या रस्त्याला लागलो आणि डावीकडून एक मोटारसायकलवाला फाट्यावरून आत घुसला. सुमन ओरडली म्हणून ब्रेक दाबला गेला. तो शिव्या देत गेला. माझे तळहात घामानं ओले झाले, स्टेअरिंग निसटायला लागलं. तिथंच मला ती युक्ती सुचली. युक्ती! काय शब्द आहे.

मोठ्या ट्रकवर क्लीनर असतो ना, तो डाव्या बाजूला बसतो. डावीकडचं ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून त्यानं बघायचं, बोलायचं, वेळ पडली तर दाराच्या पत्र्यावर थाप मारायची. थाप पडली की डोळे झाकून ब्रेक. पिकअपला कुणी क्लीनर ठेवत नाही. मी ठेवला — आणि त्याला सांगितलंच नाही.

मी सुमनला म्हणालो, "तुझ्या बाजूला काय काय दिसतंय ते सांगत जा. मला रस्ता बघावा लागतो. मला पण सगळं बघायचंय."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला मान सरळ ठेवावी लागली. तीस वर्षांत मी तिला असं काही विचारलं नव्हतं. मग ती बोलायला लागली. आधी थोडं लाजत, मग थांबेचना. आता एक म्हातारा आलाय, डोक्यावर गवताचा भारा. आता दोन गाई, मागं पोरगी. आता वळण. आता करवंदीच्या जाळ्या, लई पिकल्यात, थांबवा की. आता हिरड्याचं झाड, खाली बाया हिरडा वेचतायत, एकीनं पातळ अगदी माझ्यासारखं नेसलंय.

मला करवंदं नको होती. मला म्हातारा हवा होता, गाई हव्या होत्या, वळण हवं होतं. तेवढं मी टिपून घ्यायचो आणि बाकीचं सोडून द्यायचो. तिला मात्र वाटत होतं की मी ऐकतोय. आहुप्याच्या चढाला ती तिच्या धाकट्या भावाबद्दल बोलत होती, तो लहानपणीच गेला. त्याला काय झालं होतं, ते तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं. मी हूं, हूं करत होतो आणि मनात म्हणत होतो, पुढच्या वळणाचं सांग ना. तिनं सांगितलेलं आज मला आठवत नाही. आणि पुन्हा विचारायची सोय नाही, कारण तिच्या लेखी मी ते ऐकलंय.

बाहेरून ते दिवस किती चांगले होते! डिंभ्याच्या पाण्याकाठी सकाळी पिठलं-भाकरी, दुपारी हौद्यात ताडपत्रीच्या सावलीत झोप, संध्याकाळी कुणाच्या तरी खळ्यावर मुक्काम. लोक म्हणायचे, पावणं, घरात या की, गाडीत कशापायी झोपताय? सुमन म्हणायची, आमी फिराया आलोय. ते म्हणताना तिचा आवाज मोठा व्हायचा. आणि मी? मी रोज सकाळी किल्ली हातात घेऊन उगाच टायर तपासत बसायचो. पुढून येणाऱ्या एसटीची भीती नव्हती, ती दिसायची. न दिसणाऱ्याची भीती होती. डाव्या अंगाला नुसता भुरकट पडदा, आणि त्या पडद्यामागं कोण चाललंय ते फक्त माझ्या बायकोच्या आवाजात. ती पाणी प्यायला थांबली तरी माझा पाय ब्रेकवर जायचा. तिनं एकदा विचारलं, एवढी हळू का चालवताय? म्हटलं, तुझं ऐकायचं असतं. तिनं हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

सातवा दिवस. जुन्नरहून गणेश खिंडीतनं उतरून मढला आलो. तिला माळशेजचं तोंड बघायचं होतं, म्हणून मढ सोडून पुढं निघालो. सकाळचे दहा वाजले असतील, ऊन लख्ख. उजवीकडे पिंपळगाव जोग्याचं पाणी लागलं. माझ्या बाजूला. सात दिवस ती तिची बाजू सांगत आली होती, आणि त्या क्षणी तिनं मान वळवून माझ्या बाजूला बघितलं. म्हणाली, "अहो, केवढं पाणी राहिलंय बघा तरी—"

तिनं का बघू नये? आपण पहाऱ्यावर आहोत हे तिला कुणी सांगितलं होतं?

पत्र्यावर थाप पडली. अगदी क्लीनर मारतो तशी, पण सुमननं मारलेली नव्हती. माझा पाय ब्रेकवर गेला, तो त्या जुन्या सवयीनं. मग एक घोडी खिंकाळत पुढून पळाली. तिच्या पाठीवरची भांडी रस्त्यावर सांडत गेली, आणि एक कोकरू ओरडत होतं.

कोकणातून मेंढ्या घेऊन वर येणारं बिऱ्हाड होतं ते. पावसाच्या आधी ही माणसं माळशेज चढून देशावर परततात. मेंढ्या पुढं रानात गेल्या होत्या, मागं घोडीवर संसार लादून बायामाणसं रस्त्याच्या कडेनं येत होती. माझ्या डाव्या कडेनं. एक बाई चरात पडली होती. ठकूबाई. सुमनच्याच वयाची. तिचा पाय मांडीत भलत्याच बाजूला वळला होता. ती रडत नव्हती. नुसती तोंड उघडून श्वास घेत होती, आणि ते मी माझ्या चांगल्या डोळ्यानं बघितलं.

तिचा नवरा गेनूबा धावत आला. काठी हातात होती. मागून आणखी दोघं. मी खाली उतरलो. गेनूबानं काठी उगारली नाही. नुसतं विचारलं, "एवढी बाई दिसली न्हाई व्हय तुमाला?"

त्याला खरं उत्तर एकच होतं. नाही दिसली. त्याच्या प्रश्नातच ते होतं, मला फक्त मान हलवायची होती.

मी म्हणालो, "हिच्या बोलण्याच्या नादात ध्यान गेलं हो. ही सारखी बोलत व्हती."

झालं. हेच ते. याच्यासाठी एवढी पानं खर्ची घातली.

सुमन दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं — मला वाटलं, आता म्हणेल, तुम्हीच तर बोलायला सांगितलं होतं. म्हणायला हवं होतं तिनं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, चरात उतरली, ठकूबाईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बाई, माझंच चुकलं. मीच बडबडत व्हते."

ठकूबाईला आम्ही हौद्यात घातलं, सुमनच्या गादीवर. सुमन तिचा पाय धरून मागं बसली. ओतूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी कुणी चालवली? मीच. गेनूबा माझ्या डावीकडे बसला होता आणि मागं वळून बायकोकडे बघत होता. डावीकडे माझ्यासाठी कुणीच बघत नव्हतं. त्या रस्त्यावर शाळेची पोरं, बाजाराला निघालेली म्हातारी, कुणीही असू शकलं असतं. मला दिसत नाही, दुसऱ्या कुणाला चालवू द्या — एवढं म्हणालो असतो तर गाडीतल्या तिघांना खरं कळलं असतं. मी नाही म्हणालो. आणखी कुणी गाडीखाली सापडलं नाही, यात माझं काही कर्तृत्व नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. सळई घातली. पोलिसांत कुणी गेलं नाही. गेनूबा म्हणाला, बाईमाणूस बोललं, तुमचं ध्यान गेलं, मुद्दाम कोण करतंय. मी मान खाली घातली. त्याला ती शरम वाटली असेल. भीती होती ती.

ओतूरहून घरी निघालो तेव्हा सुमन तिच्या जागेवर बसली, तिनं पदराचा बोळा करून तोंडावर धरला आणि एक अक्षर बोलली नाही. आता मला तिच्या आवाजाची खरी गरज होती, आणि तो मीच बंद केला होता. कोणत्या तोंडानं म्हणू, बोल म्हणून? आळेफाट्याच्या गर्दीतून मी बैलगाडीच्या चालीनं गाडी काढली. मागचे हॉर्न वाजवत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. तिला वाटलं असेल की झाल्या प्रकारानं मी हबकलोय.

महिन्याभरात मी पिकअप विकली. म्हणालो, हात धजत नाही आता. सुमननं त्याचा अर्थ तिचा तिनं लावला. लेकीला फोनवर सांगताना मी ऐकलं — माझ्यापायी त्यांनी स्टेअरिंग सोडलं गं. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. बसूनच राहिलो.

वर्षभरानं मी डोळ्यांची तक्रार नव्यानं सुरू झाल्यासारखी काढली. लेकीनं पुण्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हे काही आजचं नाही, बरीच वर्षं चाललंय. सुमन शेजारीच बसली होती. ती बोटांवर वर्षं मोजेल, म्हटलं. तिनं एवढंच विचारलं, आता तरी बरं होईल ना? आज इतकी वर्षं झाली, कधीकधी ती माझ्याकडे जास्त वेळ बघत राहिली तरी मी उठून ओट्यावर जातो.

ठकूबाई आता मेंढरांमागं जात नाही. आणे गावच्या पठारावर त्यांची वस्ती आहे, तिथं उंबऱ्याशी बसून असते, पाय पुढं सोडून. दर दिवाळीला सुमन तिच्याकडे लुगडं, फराळ घेऊन जाते. दोघी भाकरी खातात. मी बाहेर बाभळीखाली बसतो. गेल्या वर्षी ठकूबाईचा आवाज बाहेर आला — "तुझं कसलं चुकलं बया? देवानं तोंड बोलायलाच दिलंय." सुमननं काय उत्तर दिलं ते बाहेर ऐकू आलं नाही.

घरात ती बोलते. शेजारणींशी बोलते. गाडीत नाही. एसटी असो, जीप असो, जावयाची कार असो — गाडी सुरू झाली की तिचं तोंड मिटतं, ते गाडी थांबल्यावर उघडतं. नातवंडांनाही दटावते, डायवरशी बोलू नका. पोरं तिला हसतात.

या उन्हाळ्यात लेक आणि जावई आम्हाला माळशेजला घेऊन गेले. मुद्दाम त्या जागी नव्हे, रस्ताच तो. मढ गेलं. जावई गाडी चालवत होता, आम्ही दोघं मागं. सुमन डाव्या खिडकीशी. आता माझं समोरचंही थोडंच उरलंय, नळीतून बघावं तेवढं; वहीची डावी कड सापडायला ही फुटपट्टी लागते ती त्यामुळंच. पाणी आलं असेल असं मला हवेवरून वाटलं. काय झालं कुणास ठाऊक, मी तिच्या कानाशी झुकून विचारलं, "तुझ्या बाजूला काय दिसतंय?"

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. जावयाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "गाडी चालू हाय. गप ऱ्हावा."

मी तिच्याकडे बघितलं. आता तिच्याकडे बघायचं तर सगळी मान वळवावी लागते. ती खिडकीबाहेर बघत होती, ओठ घट्ट मिटून. बाहेर जे काही होतं ते ती एकटीच बघत होती. घाट येईपर्यंत मीही गप्प बसून राहिलो.